जुनं पिस्तूल कमी खर्चात नव्यासारखं कसं करतात? गंज काढण्यापासून ब्लूइंगपर्यंत संपूर्ण माहिती

यूट्यूबवरचे रिस्टोरेशन व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. गंजून लाल झालेलं पिस्तूल पंधरा मिनिटांत आरशासारखं चमकायला लागतं. बघायला भारी वाटतं, पण संग्राहक मात्र हळहळतात. कारण चमक आणण्याच्या नादात पिस्तुलावरचे शिक्के, आकडे आणि धारदार कडा घासून गेलेल्या असतात. घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. इथे ‘अनडू’ बटण नाही!

आधी कायदा समजून घ्या

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतोच, पण तिच्या दुरुस्तीच्या कामासाठीही वेगळा परवाना लागतो. त्यामुळे घरात आजोबांचं परवान्याचं पिस्तूल असेल, तर ते परवानाधारक विक्रेत्याकडेच न्यायचं. आणि शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखखूण खोडणं हा भारतात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे गुन्हा आहे.

कोणत्या पिस्तुलावर हे काम करतात?

उदाहरण म्हणून युगोस्लाव्हियाच्या झास्तावा कारखान्यातलं एम ५७ घेऊ. सोव्हिएत टोकारेव्ह टीटी-३३ वर आधारलेलं हे लष्करी पिस्तूल सरप्लस म्हणून अमेरिकेत विकलं गेलं. अशा पिस्तुलाचा मूळ रंग बऱ्यापैकी उडाला असेल, तर नवीन फिनिश देण्यात फारसं नुकसान नाही. पण पिस्तूल दुर्मिळ असेल आणि मूळ फिनिश शिल्लक असेल, तर फक्त साफसफाई आणि तेल. जुनेपणालाच तिथे किंमत असते.

लाल गंज आणि काळा गंज

लाल गंज भुसभुशीत असतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि खालचं पोलाद खात राहतो. काळा गंज म्हणजे मॅग्नेटाइट. तो पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि तेल धरून ठेवतो. बंदुकीचा निळसर-काळा रंग म्हणजे हाच थर. तो देण्याच्या कामाला ब्लूइंग म्हणतात.

ब्लूइंगचे तीन प्रकार

- कोल्ड ब्लू: बाटलीतलं द्रावण पुसून लावायचं. सगळ्यात स्वस्त आणि झटपट. पण हा खरा ऑक्साइडचा थर नसतो, त्यामुळे लवकर झिजतो. ओरखडे झाकायला ठीक. यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, म्हणून हातमोजे हवेतच.
- हॉट ब्लू: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात भाग बुडवतात. कारखान्यात हेच चालतं. घरी करायचं काम नाही.
- रस्ट ब्लू: मुद्दाम लाल गंज आणायचा आणि उकळत्या पाण्यात त्याचा काळा करायचा. वेळखाऊ, पण टिकाऊ आणि स्वस्त. कमी बजेटवाल्यांची पसंती यालाच.

रस्ट ब्लूइंग कसं होतं?

1. पिस्तूल रिकामं आहे ना, हे मॅगझिन काढून आणि चेंबरमध्ये डोकावून दोनदा तपासतात.
2. भाग सुटे करताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढतात. जोडताना हाच बॅकअप कामी येतो.
3. जुनं घट्ट ग्रीस आणि तेल ॲसिटोनने पूर्ण काढतात. बोटाचा ठसा राहिला तरी तिथे डाग पडतो.
4. गंज आणि जुना थर काढून बारीक पॉलिशपेपरने हाताने घासतात. पेपरखाली सपाट ठोकळा धरला की कडा गोल होत नाहीत. शिक्क्यांच्या जागी हात हलका ठेवतात.
5. नळीचं आतलं तोंड बंद करून द्रावणाचा पातळ हात देतात आणि भाग ओलसर पेटीत काही तास ठेवतात. (कोकणात पावसाळ्यात अशी पेटी लागणारच नाही!)
6. लाल लव आली की भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाच-दहा मिनिटं उकळतात. साध्या पाण्यातल्या क्षारांचे डाग पडतात.
7. तेल काढलेल्या बारीक स्टील वूलने सैल भुकटी पुसतात.
8. शेवटचे तीन टप्पे पाच ते आठ वेळा केले की रंग गडद होतो. मग भरपूर तेल.

१०० अंशांवर पोलादाला दिलेलं पाणी उतरत नाही, म्हणून उकळणं सुरक्षित. काही व्हिडिओंत दिसतो तसा ब्लोटॉर्च मात्र पोलाद नरम करू शकतो.

हमखास होणाऱ्या चुका

- ग्राइंडर किंवा बफिंग मशीन लावणं. भोकांच्या कडा पसरतात, अक्षरं पुसट होतात.
- स्प्रिंग ॲसिडमध्ये टाकणं. पोलादात हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होते आणि तुटू शकते.
- खोल खड्डे काढायचा हट्ट धरणं. खड्डा जाईपर्यंत आजूबाजूचं पोलादही जातं. थोडे खड्डे राहू द्यावेत.

खर्च किती?

ॲसिटोन, पॉलिशपेपर, स्टील वूल आणि द्रावणाची बाटली, एवढाच खर्च. पैसे वाचतात ते मजुरीचे, आणि त्या बदल्यात काही दिवसांचा संयम लागतो.

हे तंत्र स्वतः करून बघायचं असेल, तर पिस्तूल लागतच नाही. घरातला गंजका हातोडा किंवा पाना घ्या. रसायनशास्त्र तेच आहे आणि चूक झालीच, तर नुकसान फक्त एका पान्याचं.