शाळेच्या उंबरठ्यावर आईबाप

जून महिना अर्ध्यावर आला की आमच्या धर्मग्रामातील रस्ते सकाळी लवकर जागे होतात. पावसाची रिपरिप, मोठ्यांच्या हातातल्या छत्र्या आणि त्या छत्र्यांखाली नवे दप्तर पाठीवर घेतलेली, अर्धी हसणारी व अर्धी रडणारी मुले. अलीकडे शासनाच्या शाळांतून या दिवशी ‘प्रवेशोत्सव’ साजरा होतो. मुलांना फूल, खाऊ आणि पाठ्यपुस्तके दिली जातात. आपल्या शाळांतून प्रार्थना होते आणि फादर चार शब्द बोलतात. मीही गेली कित्येक वर्षे बोलत आलो आहे. परंतु बोलता बोलता माझे लक्ष मुलांवरून उडून त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे जाते. कुणी वाडीतून तसाच आलेला असतो, कुणी अर्ध्या दिवसाची रजा काढून. एखादी माऊली फाटकाच्या आत यावे की बाहेरच थांबावे, या संभ्रमात उभी असते. मुलाचे स्वागत आपण करतो. त्याच्या आईबापांचे कोण करते?

हा प्रश्न नवा नाही. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका धर्मगुरूने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला आणि तो लिहून ठेवला. संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचे नाव आपल्याला ठाऊक असते ते शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून. पोप बारावे पायस यांनी १९५० साली त्यांना तो मान दिला. मात्र त्यांच्या शाळेच्या दारात प्रत्यक्ष काय घडत होते, हे फारसे कुणी सांगत नाही. सेमिनरीत शिकत असताना मीही त्यांचे चरित्र परीक्षेपुरतेच वाचले होते. पुढे धर्मग्रामाची व तिच्याबरोबर शाळेची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा ते पुन्हा हाती घेतले.

द ला साल यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी रेम्स या नगरात एका संपन्न घराण्यात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते तेथील कॅथीड्रलचे कॅनन झाले, म्हणजे मानाचे स्थान आणि आयुष्यभराचे उत्पन्न दोन्ही पदरात पडले. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक निकोलस रोलां निवर्तले आणि मुलींना शिकवणाऱ्या सिस्टरांचा त्यांनी स्थापलेला लहानसा संघ या तरुण धर्मगुरूच्या स्वाधीन झाला. पुढच्या वर्षी, १६७९ मध्ये, रुआँ नगराहून आद्रियँ निएल नावाचे एक शिक्षक गरीब मुलग्यांसाठी शाळा काढण्याच्या उद्देशाने रेम्समध्ये आले. द ला साल यांनी त्यांना मदत केली आणि सेंट मॉरिस धर्मग्रामात पहिली शाळा उघडली. आपले काम एवढ्यावर संपले, असे त्यांना वाटत होते.

ते संपले नाही. निएल शाळा काढण्यात पटाईत होते, चालवण्यात नव्हते. शिक्षक अर्धशिक्षित, राहणीला धरबंध नाही. १६८१ साली द ला साल यांनी या शिक्षकांना स्वतःच्या घरी राहायला आणले. नातेवाईक संतापले. एकेकाळी आपण या शिक्षकांना आपल्या नोकराहूनही खालचे मानत होतो, अशी कबुली त्यांनी स्वतःच पुढे देऊन ठेवली आहे. संतांच्या चरित्रांत असली वाक्ये सहसा सापडत नाहीत. मला ते म्हणूनच जवळचे वाटतात. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपद सोडले आणि त्यानंतरच्या दुष्काळात आपली मालमत्ता भुकेल्यांना वाटून टाकली. १६८८ साली ते पॅरिसला सेंट सुल्पिस धर्मग्रामाच्या शाळेत आले. ७ एप्रिल १७१९ रोजी, उत्तम शुक्रवारी, त्यांनी रुआँ येथे देह ठेवला.

या चाळीस वर्षांत त्यांच्या संघातील ब्रदरांना जो अनुभव आला, तो सर्वांच्या चर्चेतून एका ग्रंथात उतरला. ‘ख्रिस्ती शाळांची कार्यपद्धती’ असे त्या ग्रंथाच्या नावाचे मराठी करता येईल. त्याचे हस्तलिखित १७०६ चे. छपाई झाली ती संस्थापकाच्या मृत्यूनंतर, १७२० मध्ये, आविन्यों येथे. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवावे आणि वाचनाचा आरंभ लॅटिनपासून न करता मुलाच्या फ्रेंच भाषेतून करावा, ही या शाळांची दोन वैशिष्ट्ये सर्वत्र सांगितली जातात. ती महत्त्वाची आहेतच. मातृभाषेची शाळा ओस पडताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना दुसरे तर विशेषच. पण मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते प्रवेशाच्या प्रकरणाकडे.

मुलाला शाळेत एकट्याने पाठवायचे नाही, हा तेथील पहिला दंडक. वडिलांनी किंवा आईने, अथवा ज्यांच्या घरी ते मूल राहते त्यांनी, स्वतः येऊन त्याला शाळेच्या हाती द्यायचे. मग चौकशी सुरू होते. मुलाचे नाव व वय. आईवडिलांची नावे, त्यांचा व्यवसाय, राहण्याचा रस्ता आणि घराची खूण. कारण त्या काळी घरांना क्रमांक नव्हते, दारावरच्या पाटीवरील चित्रावरून घर ओळखत. मुलाचे दृढीकरण झाले आहे काय, पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला आहे काय? यापूर्वी कोणत्या शाळेत होते, आणि ती का सोडली? प्रकृतीचे काही दुखणे आहे काय? संगत कुणाची आहे? आणि एक प्रश्न मला फार बोलका वाटतो: मुलाला पुढे कोणत्या धंद्याला लावण्याचा विचार आहे, आणि त्याला शाळेत किती काळ ठेवणार? म्हणजे शाळेला ठाऊक होते की हे पोर फार दिवस आपल्याजवळ राहणार नाही. बाप त्याला लवकरच सुताराकडे नाहीतर विणकराकडे नेऊन बसवणार. हाती असेल तेवढ्या काळात त्याला वाचता, लिहिता, हिशेब करता आणि प्रार्थना करता आली पाहिजे, म्हणून हा प्रश्न.

ही सारी उत्तरे एका वहीत लिहिली जात. या प्रश्नांत एक प्रश्न नव्हता: फी किती देणार?

तो नव्हता, म्हणूनच पॅरिसमध्ये खटले उभे राहिले. त्या शहरात शुल्क घेऊन शिकवणारे शाळामास्तर होते, हस्ताक्षर शिकवणाऱ्या लेखनगुरूंचा स्वतंत्र संघ होता आणि गरिबांसाठी धर्मादाय शाळा होत्या. धर्मादाय शाळेत ज्यांची नावे गरिबांच्या यादीत आहेत त्यांचीच मुले घ्यावीत, ज्यांना थोडेफार परवडते त्यांनी मास्तरांकडे जावे, अशी वाटणी ठरलेली होती. ब्रदरांच्या शाळेत येणाऱ्या बापाकडे गरिबीचा दाखला मागत नसत. सुताराचा मुलगा आणि भिकाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर बसे. मास्तरांचे उत्पन्न बुडू लागले. १६९० मध्ये त्यांनी आणि १७०४ मध्ये लेखनगुरूंनी द ला साल यांना न्यायालयात खेचले. पहिला दावा त्यांनी अखेरीस जिंकला. दुसऱ्यात निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. मास्तरांची बाजू अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्यांनाही पोटे होती. परंतु दारात उभ्या असलेल्या माणसाला, ‘तू पुरेसा गरीब आहेस काय?’ असे विचारणे म्हणजे त्याच्या लेकरासमोर त्याची मान खाली घालणे होय, हे ज्याने ओळखले तो मला न्यायालयात हरूनही मोठा वाटतो.

आता या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या शाळांत छडी होती आणि ती केव्हा व कशी वापरावी याचे नियमही होते. शाळा मुलग्यांच्याच होत्या. आणि गैरहजेरीच्या प्रकरणात एक मजकूर असा आहे की तो वाचताना मी थबकलो. गरीब आईबाप स्वतः शिकलेले नसतात, म्हणून त्यांना शिक्षणाची किंमत वाटत नाही, असे निरीक्षण तेथे आहे. त्यावर पहिला उपाय समजुतीचा: ज्याला लिहितावाचता येते त्याला कामधंद्याची वाण पडत नाही, हे त्यांना पटवून द्यावे. दुसरा उपाय मात्र असा की जी मुले शाळेत येत नाहीत त्यांची नावे, वये व पत्ते धर्मग्रामाच्या गुरूकडे द्यावेत. म्हणजे तो त्यांच्या घरचा दानधर्म थांबवील आणि आईबाप वठणीवर येतील. हाती दानाची पेटी असलेला धर्मगुरू म्हणून मी सांगतो, हा उपाय मी कधी करणार नाही. पण तो लिहिणाऱ्यांना निर्दय म्हणून मोकळे होणेही मला जमत नाही. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया ही मजुराच्या घरातली लहान रक्कम नव्हती. बहुजनांची मुले शिकावीत म्हणून जीव तोडणाऱ्या राजालाही दंडाचा आधार घ्यावा लागला, एवढी ही अडचण खोल होती.

त्याच ग्रंथात गैरहजेरीवर आणखी एक योजना आहे, आणि तिच्यामुळे मी आधीचा मजकूर क्षमा करतो. शाळेतील काही मुलांना ‘गैरहजरांची विचारपूस करणारे’ म्हणून नेमत. प्रत्येकाला काही रस्ते वाटून दिलेले. एखादा सोबती आला नाही की याने त्याच्या घरी जायचे, कारण विचारायचे आणि शिक्षकांना कळवायचे. आजारी असेल तर त्याला भेटून धीर द्यायचा. ज्या घराच्या खुणेची नोंद प्रवेशाच्या दिवशी वहीत झाली होती, तिचा उपयोग येथे होई. सकाळी मुले शाळेतच न्याहारी करीत. कुणाच्या फडक्यातली भाकरी उरली की ती टोपलीत जमा होई आणि ज्यांनी काहीच आणले नसेल त्यांना वाटली जाई. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेत पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्या खिचडीमागचे गणित त्या टोपलीला समजले होते.

वर्षाच्या अखेरीस शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी आपले मत लिहून पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावे, असाही नियम होता. त्याचा नमुना म्हणून साडेआठ वर्षांच्या एका मुलाचे वर्णन ग्रंथात दिले आहे. पोरगा चंचल आहे. प्रार्थनेत लक्ष नाही. वारंवार उशिरा येतो. शिकायला हुशार, पण मन लावीत नाही. मारून उपयोग नाही, त्याला जिंकून घ्यावे लागते; एकदा जिंकला की सांगाल ते करील. आईबापांचा लाडका आहे, त्याला शिक्षा झालेली त्यांना खपत नाही. मराठी शाळेत बाई असलेल्या कुणालाही विचारावे. हा मुलगा आजही तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला आहे.

आपल्याकडे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. प्रवेशासाठी देणगी घेऊ नये, मुलाची किंवा आईबापांची मुलाखत अथवा चाचणी घेऊन निवड करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. त्यावर फेरविचार व्हावा काय, हा प्रश्न २०२५ मध्ये न्यायालयापुढे पुन्हा आला. आपल्या संस्थांचे स्वातंत्र्य राखले गेले म्हणून मलाही २०१४ मध्ये समाधान वाटले होते, हे लपवत नाही. मात्र त्याच जूनमध्ये एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. रिक्षा चालवणारे, रविवारची मिस्सा न चुकवणारे. एका शाळेत प्रवेशाच्या वेळी त्यांना व त्यांच्या पत्नीला इंग्रजीतून प्रश्न विचारले गेले होते. “फादर, पोरगी सगळं बरोबर बोलली,” ते म्हणाले, “नापास आम्ही दोघं झालो.” मी त्यांना चहा दिला. दुसरे काय देणार होतो?

माझ्या स्वतःच्या वडिलांना १९७० च्या दशकात गावातल्या मराठी शाळेच्या मास्तरांनी एवढेच विचारले होते, “पोराला किती शिकवणार?” वडील चौथी शिकलेले. ते म्हणाले, “तुम्ही सांगाल तितकं.” त्या मास्तरांनी द ला साल यांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. पण मी आठ दिवस तापाने घरी पडलो, तेव्हा ते सायकलवरून आमच्या ओट्यापर्यंत आले होते, आणि आईने दिलेले ताक उभ्यानेच पिऊन परत गेले होते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे वाळवीपासून वाचवण्यासाठी उन्हात घातली होती. मी चाळत बसलो. नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख. शेवटचा रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा. पानामागून पान तेथे दोनच शब्द आढळतात: ‘सतत गैरहजर’. त्या मुलाच्या घरी शाळेतून कुणी जाऊन आले काय, हे लिहायला रजिस्टरात रकाना नाही. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी सातवीच्या मुलांना आळ्या वाटून दिल्या आहेत. दोन मुले पहिल्याच आठवड्यात एका घरी जाऊन आली; पहिलीतल्या पोराकडे छत्री नव्हती, एवढेच कारण निघाले.