त्रूव्हीलची वाळू

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी ते शब्दांत सांगतो. चित्र लहानच आहे, साधारण ३८ सेंटिमीटर उंच आणि ४६ सेंटिमीटर रुंद. समुद्रकिनाऱ्यावर दोन बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत. डावीकडची पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर फुलांची टोपी. उजवीकडची काळ्या कपड्यांत, मान खाली घातलेली. दोघींनी उन्हासाठी छत्र्या धरल्या आहेत. मध्ये एक रिकामी खुर्ची आहे. मागे माणसे पुसटशी, आणि वर ढगांचे आभाळ.

हे चित्र क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७०च्या उन्हाळ्यात काढले. ठिकाण फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातले त्रूव्हील. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पांढऱ्या कपड्यांतली स्त्री म्हणजे मोनेची बायको कामीय, असे मानतात. दुसरी बहुधा बूदँ या चित्रकाराची बायको. मोनेला तरुणपणी उघड्यावर बसून चित्र काढायला बूदँनेच शिकवले होते.

या चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले. म्हणजे मोने खरोखर किनाऱ्यावर बसून रंगवत होता आणि वाऱ्याने वाळू ओल्या रंगावर येत होती. हे शक्य झाले, कारण १८४१मध्ये रंग भरून ठेवण्याची पत्र्याची नळी निघाली होती. त्याआधी रंग घोटायचा आणि प्राण्यांच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचा, असा उद्योग असे. नळी खिशात टाकून कुठेही जाता येऊ लागले. घाईघाईने, जाड फटकाऱ्यांनी काढलेल्या अशा चित्रांना लोक आधी हसले. १८७४च्या प्रदर्शनात मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या चित्रावरून एका टीकाकाराने या मंडळींची थट्टा केली आणि थट्टेतले तेच नाव त्यांना चिकटले.

समुद्रकिनारी नुसते बसायला जाणे हीदेखील तेव्हा नवी गोष्ट होती. त्याआधी समुद्र म्हणजे मासेमारी आणि बोटी. मग डॉक्टर समुद्रस्नानाचा सल्ला देऊ लागले. १८६३मध्ये पॅरिसहून रेल्वे थेट त्रूव्हीलपर्यंत आली आणि पैसेवाली कुटुंबे उन्हाळ्यात तिकडे जाऊ लागली. बूदँने ही नटलेली गर्दी पुष्कळदा रंगवली. त्रूव्हीलजवळ तूक नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या काठावर गुडघे टेकून कपडे धुणाऱ्या बायकाही बूदँने पुढे अनेकदा रंगवल्या. आम्हांला ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. पांढरा कपडा कोणीतरी धुतल्याशिवाय पांढरा राहत नाही.

आता कामीयकडे पाहू. ती मोनेच्या चित्रांसाठी तासन्‌तास उभी राहायची. १८६७मध्ये त्यांना मुलगा झाला, पण लग्न झाले २८ जून १८७०ला. मधली वर्षे ओढगस्तीत गेली. चित्रातल्या खुर्चीला लहान मुलाचा बूट अडकवल्यासारखा दिसतो. तो त्या मुलाचा असावा, असे जाणकार म्हणतात.

लग्नानंतर तीनच आठवड्यांत, १९ जुलैला, फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारले. चित्रात त्याची खूण नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सचा सम्राट शत्रूच्या हाती सापडला, राज्य कोसळले आणि पॅरिसला वेढा पडला. शरदात मोने कुटुंब लंडनला निघून गेले. चित्रातली शांत दुपार अशा दिवसांतली होती.

कामीयच्या हाती स्वतःचे काय होते? १८०४च्या नेपोलियनच्या कायद्याने बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहायचे होते आणि पैशाअडक्याच्या व्यवहाराला त्याची परवानगी लागे. विवाहित स्त्रीला नवऱ्याला न विचारता बचत खाते उघडण्याची मुभा फ्रान्समध्ये १८८१ साली मिळाली. स्वतः कमावलेली मजुरी स्वतःच्या मर्जीने वापरण्याचा हक्क १९०७ साली, आणि मत देण्याचा हक्क तर १९४४ साली. कामीय १८७९मध्ये गेली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी. खात्याचा हक्क दोन वर्षांनी आला.

आम्ही बचत गटात पासबुक हातात घेतो तेव्हा ते साधे वाटते. पण कायदा लिहिला गेला तेव्हापासून बायकोला बचत खात्याचा हक्क मिळेपर्यंत, एवढ्या श्रीमंत देशातही, ७७ वर्षे गेली. म्हणून ही तारीख आम्ही चित्राच्या तारखेइतकीच लक्षात ठेवतो.

मैत्रिणींनो, हे चित्र कुठे छापलेले दिसले, तर निळे आभाळ जरूर पाहा. ते सुंदरच आहे. पण मग मधली रिकामी खुर्चीही पाहा आणि बसायला फुरसत कोणाला होती, कोणाला नव्हती, हे घरच्यांना सांगा. आपल्या घरात दुपारी कोण बसते आणि कोण उभे असते, हा विषय त्यातून निघालाच, तर निघू द्या.