वायकाठचं 'हे'

आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'हे आले', 'हे म्हणाले' एवढ्यावर संसार व्हायचा. त्यामुळे २०१४ साली बर्मिंगहॅमला लेकीकडे असताना ती म्हणाली, "आई, शनिवारी 'हे'ला जाऊ," तेव्हा मला हसूच आलं. गावाचं नाव हे, नदीचं नाव वाय, आणि मी वाईची!

हे-ऑन-वाय वेल्समध्ये, अगदी इंग्लंडच्या सीमेवर आहे. वस्ती दोन हजारांच्या आतली. हेरफर्ड सोडलं की मेंढ्यांची कुरणं, सफरचंदाच्या बागा, आणि पुढे ब्लॅक माउंटन्सची रांग. एवढ्याशा गावात पुस्तकांची वीसेक दुकानं, बहुतेक जुन्या पुस्तकांची. चपलांचं दुकान शोधावं लागेल, पण पुस्तकांचं नाही!

हे झालं कसं? १९६२ च्या अखेरीस इथली प्रवासी रेल्वे बंद झाली. तरुण मंडळी बाहेर पडत होती. त्याच सुमारास रिचर्ड बूथ या ऑक्सफर्डला शिकलेल्या तरुणाने बंबखान्याच्या जुन्या इमारतीत जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं. सारं गावच पुस्तकं विकू लागलं तर जग इथे येईल, असा त्याचा हिशेब होता. मोडीत निघालेली ग्रंथालयं त्याने विकत घेतली, अमेरिकेतून जहाजाने पुस्तकं आणली. बंद पडलेल्या सिनेमागृहातही पुस्तकंच भरली. १ एप्रिल १९७७ रोजी तर गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून तो राजा झाला आणि घोड्याला पंतप्रधान केलं! गंमत खरी, पण तीत राग होता. मोठी दुकानं आणि दूरच्या कचेऱ्यांतल्या योजना खेड्यांचा जीव घेतात, हे त्याला सांगायचं होतं. १९८८ पासून इथे साहित्यमहोत्सवही भरू लागला. बूथ २०१९ मध्ये वारला.

गावातला किल्ला मटिल्डा नावाच्या सरदारपत्नीने एका रात्रीत बांधला म्हणतात. ओच्यातून धोंडे वाहताना एक खडा तिच्या बुटात शिरला. तिने तो भिरकावला, तो नदीपलीकडे लोवेसच्या चर्चच्या आवारात पडला. तो 'खडा' म्हणजे माणसाहून उंच शिळा! इतिहास मात्र वेगळा आहे. राजा जॉनने १२१० मध्ये तिला कैदेत उपाशी मारलं. लोकांनी दंतकथेत तिला बळ दिलं, बहुधा म्हणूनच.

किल्ल्याची डागडुजी होऊन तो २०२२ मध्ये सर्वांना खुला झाला. मी गेले तेव्हा तो पडझडीतच होता. आवारात उघड्यावर पुस्तकांच्या फळ्या होत्या. दुकानदार कोणी नाही. पुस्तक घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे. तिथे एक जुनं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर शाईने लिहिलेलं, 'नियमित हजेरीबद्दल बक्षीस', खाली मुलीचं नाव आणि १९११. मी पस्तीस वर्षं अशी पानं लिहिली. चटकन लक्षात आलं, की इथलं प्रत्येक पुस्तक कुणाचं तरी घर मोडून आलंय. ह्या गावाचं वैभव दुसऱ्यांच्या आवराआवरीवर उभं आहे.

परतताना क्लायरोला थांबलो. १८६५ ते १८७२ तिथे फ्रान्सिस किलव्हर्ट नावाचा पाद्री होता. त्याने लिहिलेली रोजनिशी पुढे १९३८ ते १९४० दरम्यान तीन खंडांत निवडक छापली गेली, आणि इंग्रजीत नावाजली. पण मूळ वह्या? बहुतेक सगळ्या एका वृद्ध नातलग बाईंनीच नष्ट केल्या. तीन उरल्या.

ऐकून पोटात खड्डा पडला. कारण वाईच्या घरी 'ह्यांची' चार कपाटं पुस्तकं होती. हे जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलं परदेशात, आणि निघण्यापूर्वी मी रद्दीवाल्याला भाव विचारून आले होते. नुसता विचारला हो. पण विचारला होता.

२०१७ साली आमच्या पसरणी घाटावर, पाचगणीजवळ, भिलार पुस्तकांचं गाव झालं. त्यामागे 'हे'चीच प्रेरणा होती. नातवंडांना घेऊन गेले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली. तिथे विकत काही नाही, बसा आणि वाचा. 'हे'मध्ये पुस्तकाला नवा मालक मिळतो, भिलारला नुसता वाचक. मला दुसरं जास्त आवडलं.

घरी येऊन एक कपाट ओसरीवर काढलं. गल्लीतली पोरं नेतात, काही परत आणतात, काही नाही. पेटी ठेवलेली नाही. पहिल्या पानावरचं ह्यांचं नाव मात्र खोडलेलं नाही. वाचणारा तेवढं तरी नाव घेईल. मी कधी घेतलं नाही.