रिमोटच्या गाडीतलं तेल

सिंगापुरात आल्यापासून मला रिमोटच्या गाड्यांचा नाद लागलाय. खेळणं म्हणून हसू नका, त्यालाही इतिहास आहे!

१९७९ साली जपानच्या तामियाने ‘सँड स्कॉर्चर’ काढली. फोक्सवॅगन बीटलची एक-दशांश प्रतिकृती, पुढचं सस्पेन्शनसुद्धा मूळ गाडीवरूनच उचललेलं. दिसायला झकास. पण गाडी दहापट लहान केली म्हणून गुरुत्वाकर्षण थोडंच लहान होतं? वीतभर उंचीवरून पडणं तिच्या मानाने दोन मीटरवरून पडणं, आणि सावरायला वेळ मोठ्या गाडीच्या जेमतेम एक-तृतीयांश.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडने ‘आरसी१०’ आणली आणि नकलेचा मोह सोडला. ॲल्युमिनियमची चासी, लांब शॉक अब्सॉर्बर, आत सिलिकॉन तेल. ट्यूनिंगचा जीव या तेलात आहे असं माझं मत. पातळ तेल भरलं तर चाक खड्ड्यागणिक चटकन हलतं, पण उडीनंतर गाडीचं पोट आपटतं. दाट भरलं तर उडी छान झेलली जाते, पण बारीक खडबडीत जागी गाडी टणाटण उडते. स्प्रिंग, कॅम्बर वगैरे त्यानंतर.

शिवाय तेल तापलं की पातळ होतं. थंड हवेत जुळवलेले आकडे इथल्या बारमाही तिशीच्या पाऱ्यात चालत नाहीत. मी सरळ एक नंबर दाट भरतो.