शाळा कुरणात गेली तेव्हा

‘याचं अभ्यासात लक्ष नाही.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. स्वतःबद्दल नाही, तर बाजूच्या बाकावरच्याबद्दल. पण मग त्याचं लक्ष आहे कुठे, हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात दोन बायकांनी ते विचारलं. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलाच्या हाताला आवडीचं काम मिळालं की लक्ष आपोआप लागतं, हे माँटेसोरीचं सूत्र. पण तिची साधनं महागडी. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

आदिवासी पाड्यांवरची पोरं तरी येईनात. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला थोडी मोठी मुलं दिवसभर गुरांमागे असत, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे माळावर गेले. तिचं नाव कुरणशाळा. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात वापरणारा सारखा अडखळू लागला, तर आधी स्क्रीन बदलतात. ताराबाई-अनुताईंनी शाळेचं तेच केलं.

नंतर सवलती आल्या. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीला जादा वेळ, लेखनिक अशी मदत मिळू लागली. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’मुळे डिस्लेक्सिया घरोघरी कळला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला यादीत जागा दिली. एका जागी न टिकणाऱ्या मुलाचं एडीएचडी मात्र त्या यादीत वेगळं नोंदलेलं नाही.

हे सगळं मोलाचं आहे. पण सवलतीला प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्याआधी कुणाला तरी शंका यावी लागते. हिंगोली-वाशीमच्या सीमेवरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावात मूल वाचताना अडलं, तर शंका येण्याआधी ‘ढ’ हा शिक्का बसतो. तपासणी जिल्ह्याच्या गावी, तीही आईबापांची मजुरी बुडवून.

कुरणशाळेने कुणाकडे प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. फळ्यावरचं अक्षर बियांनी जमिनीवर मांडू देणं, धडा तोंडी सांगू देणं, मध्येच उठून पाणी पिऊन येऊ देणं, यालाही ते लागत नाही. हे उद्या सकाळी पहिल्या तासाला करता येतं.