ओढ्याचा काठ धरायचा कुणी?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या पश्चिम अंगाला अवोन्डेल नावाचे एक उपनगर आहे. भारतात हे नाव फारसे कुणी ऐकलेले नसेल. पण बाजारात जे हिरवे किवी फळ मिळते त्याची 'हेवर्ड' ही प्रसिद्ध जात हेवर्ड राइट नावाच्या रोपवाटिकावाल्याने १९२० च्या दशकात इथेच वाढवली. 'अवोन्डेल स्पायडर' नावाचा एक भलामोठा (पण निरुपद्रवी) कोळीही याच गावाचे नाव घेऊन फिरतो. तर अशा या गावात आज मात्र मला तुम्हाला फळ किंवा कोळी दाखवायचा नाही. गावाच्या दोन्ही अंगांना जे पाणी वाहते त्याचे काठ दाखवायचे आहेत. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचलात तर लक्षात येईल की ही गोष्ट मिठी आणि मुठेचीही आहे.

आधी थोडा भूगोल. अवोन्डेलच्या पश्चिमेला फाऊ नावाची खाडी आहे. गावाचे जुने नावही तेच, १८८२ साली ते बदलून अवोन्डेल झाले. फाऊ हे इथल्या एका झाडाचे नाव. त्याचे लाकूड इतके हलके की माओरी लोक मासेमारीच्या जाळ्याला तरंगण्यासाठी ते बांधत. पूर्वेला एक गोड्या पाण्याचा ओढा आहे, इंग्रजीत ओकली क्रीक आणि माओरीत 'ते आउआउंगा', म्हणजे भोवरे घालणारे पाणी. दोघांच्या मध्ये आणि खाली आहे ती चिकणमाती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि हिवाळ्यातल्या पावसात साबणासारखी होते.

आता काठ ढासळतो म्हणजे नेमके काय होते? बहुतेकांना वाटते की पाणी काठाला वरून खरवडते. प्रत्यक्षात पाणी पायथा पोखरते. खालची माती गेली की वरचा भाग अधांतरी लोंबतो आणि पुढच्या पावसात भिजून, जड होऊन कोसळतो. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटचेही तसेच असते, म्हणून आपण त्यात लोखंडी सळ्या घालतो. मातीतल्या सळ्या म्हणजे झाडांची मुळे. त्यातही जाड मुळांपेक्षा बोटाएवढी आणि त्याहून बारीक मुळे जास्त कामाची, कारण ती संख्येने खूप असतात आणि मातीला जाळ्यासारखी धरून ठेवतात. शिवाय झाड मातीतले पाणी पिऊन ती हलकी ठेवते, हा वरचा फायदा.

पूर्वी या दोन्ही प्रवाहांचे काठ झाडांनीच धरले होते. ओढ्यावर जंगल आणि खाडीत तिवरे. हो, आपलीच तिवरे! माहीमच्या खाडीत जे तिवर दिसते त्याच जातीची, आव्हिसेनिया मरीनाची, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची उपजात फाऊच्या खाडीत उभी आहे. माओरीत तिला 'मानावा' म्हणतात. फरक एवढाच, की इथल्या थंडीत ती जरा खुरटी राहते. खाडीच्या मुखाशी असलेल्या बेटाचे नावच 'मोटू मानावा', म्हणजे तिवरांचे बेट.

याच बेटाचे इंग्रजी नाव 'पोलन आयलंड'. डॉ. डॅनियल पोलन हे १८७५-७६ मध्ये न्यूझीलंडचे पंतप्रधान होते, आणि त्यांची फाऊच्या काठावर वीटभट्टी होती. इथल्या चिकणमातीच्या विटा उत्तम होत. भट्ट्या आल्या, कुंभारकामाचे कारखाने आले. जमीन उघडी पडली आणि जी माती विटेत जात नव्हती ती पाण्याबरोबर खाडीत जाऊ लागली.

उघड्या काठावर इंग्रज वसाहतवाल्यांचे ठरलेले औषध म्हणजे विलो. विलोची ताजी फांदी तोडून ओल्या मातीत ठोकली की तिला मुळे फुटतात. रोपवाटिका नको, खड्डा नको, खत नको. युरोपात शेकडो वर्षे विलोच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून नद्यांचे काठ शिवत आले होते. ती विद्या बोटीतून न्यूझीलंडला आली आणि देशभर नद्यांच्या कडेने विलो उभे राहिले.

यातला 'क्रॅक विलो' नावाप्रमाणे वागणारा. त्याच्या फांद्या वाऱ्याने कटकन मोडतात, पाण्यातून वाहत जातात आणि जिथे अडकतात तिथे रुजतात. काठ धरायला लावलेले झाड पन्नास-साठ वर्षांत पात्राच्या मध्यात जाऊन बसले. मग पाणी त्याला वळसा घालून समोरचा काठ खाऊ लागले. ज्याने काठ धरावा त्यानेच नदी अडवली. आज क्रॅक विलो न्यूझीलंडमध्ये उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे.

तरीही विलोला एकदम खलनायक करणे बरोबर नाही. १९३८ साली उत्तर बेटाच्या पूर्व भागात भयंकर पूर आले. कोपुआव्हारा इथे रेल्वेच्या कामावरची एक वसाहत रात्रीत वाहून गेली, २१ माणसे गेली. एस्क नदीच्या खोऱ्यात शेतांवर गाळाचे थर बसले. डोंगरावरचे जंगल तोडून मेंढ्यांसाठी गवत लावल्याचा हा परिणाम होता. १९४१ साली सरकारने मृदसंधारण आणि नदीनियंत्रणाचा कायदा केला आणि पाणलोट क्षेत्रानुसार मंडळे स्थापन झाली. या मंडळांनी पुढची काही दशके डोंगरउतारांवर पॉपलरचे तीन-तीन मीटरचे सोट आणि नद्यांच्या कडेने निवडक जातींचे विलो लावले. मोठ्या नद्यांवर ते आजही काम करत आहेत.

पण निसर्गाने तिथेही एक धडा दिलाच. १९७३ मध्ये पॉपलरवर तांबेरा आला, १९९७ मध्ये विलोची पाने फस्त करणारी एक माशी ऑकलंडमध्ये सापडली. एकाच झाडाच्या फांद्या तोडून लावत गेले की हजारो झाडे ही खरे तर एकच झाड असते. एकाला रोग झाला की सगळ्यांना होतो. संशोधकांना नव्या जाती तयार करण्याच्या मागे लागावे लागले.

शहरात मात्र तोपर्यंत वेगळीच हवा होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर ऑकलंडच्या या भागात झपाट्याने घरे झाली. ओढ्याची वेडीवाकडी वळणे बिल्डरला परवडत नाहीत. ते आउआउंगा ठिकठिकाणी सरळ केला गेला, कुठे दगडी भिंतींत, कुठे काँक्रीटच्या नाल्यात बसवला गेला. अभियंत्यांना दोष देण्याआधी त्यांचा हिशोब बघू. मॅनिंगच्या सूत्रात पृष्ठभागाच्या खडबडीतपणासाठी एक सहगुणक असतो. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो ०.०१५ च्या आसपास, झाडाझुडपांनी भरलेल्या ओढ्यासाठी ०.०५ ते ०.१०. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या आणि उताराच्या पात्रातून काँक्रीट तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही जास्त पाणी पुढे ढकलते. उलटे वाचा: तेवढेच पाणी न्यायला झाडांच्या ओढ्याला कितीतरी जास्त रुंदी लागते.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म इथे आहे. काठाला काय लावायचे, झाड की दगड की काँक्रीट, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ओढ्यासाठी किती जमीन सोडायची? जमीन सोडायची नसेल तर भिंतीला पर्याय नाही. आणि भिंत बांधली की पाणी वेगाने खालच्या वस्तीच्या दारात जाते. काठ वाचतो, शेजारी बुडतो.

ऑकलंडने हा हिशोब उलटा मांडायचे ठरवले ते अवोन्डेलपासून थोड्या वरच्या अंगाला, माउंट रॉस्किलमधल्या वॉम्सली आणि अंडरवुड या दोन सार्वजनिक उद्यानांत. तिथे हा ओढा काँक्रीटच्या नाल्यातून जात होता. २०१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते काँक्रीट उखडून काढले. ओढ्याला पुन्हा वळणे दिली, दोन्ही बाजूंनी जमीन खाली उतरवून पाण्याला पसरायला मैदान केले. अवोन्डेलच्या हद्दीजवळ अॅलन वुड उद्यानातही वॉटरव्ह्यू बोगद्याच्या कामाबरोबर ओढ्याचा काही भाग असाच मोकळा केला गेला. हा बोगदा २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

काठ धरायला या वेळी विलो नव्हता. पाण्यालगत लव्हाळ्याच्या जातीची झुबकेदार गवते, त्याच्या वर हाराकेके (केवड्यासारख्या लांब पात्यांचे हे झाड, याच्या धाग्यांनी माओरी कापड आणि टोपल्या विणतात), त्याच्या वर ती कौका आणि मानुका. यांची मुळे बहुतांशी वरच्या थरात राहतात, त्यामुळे मोठ्या नदीला ती पुरत नाहीत. पण छोट्या ओढ्याला पुरतात. जिथे धार जोरात लागते तिथे पायथ्याला दगड रचायचे आणि वर झाडे लावायची, असा सरळ हिशोब. रोप मूळ धरेपर्यंतची दोन-तीन वर्षे सर्वात धोक्याची. त्या काळात माती झाकायला अशा कामांत जी जाळीदार चटई अंथरतात ती असते नारळाच्या काथ्याची. काथ्या पाण्यात सावकाश कुजतो, आणि तो कुजेपर्यंत मुळांनी मातीचा ताबा घेतलेला असतो. केरळ आणि कोकणात ज्याचे दोर वळले जातात तो काथ्या जगभरच्या ओढ्यांचे काठ सांभाळतो आहे, याची मला मोठी मौज वाटते.

झाडे लावणे सोपे, जगवणे कठीण. ते काम 'फ्रेंड्स ऑफ ओकली क्रीक' आणि 'फ्रेंड्स ऑफ द फाऊ' अशा नावांची रहिवाशांची मंडळे वर्षानुवर्षे करत आली आहेत. शनिवार-रविवारी जमायचे, तण उपटायचे, कचरा काढायचा, मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावायचे. यात फोटो काढण्यासारखे काही नसते. पण काठ याच कामाने टिकतो.

या सगळ्याची परीक्षा झाली २७ जानेवारी २०२३ ला. ऑकलंड विमानतळावर २४ तासांत सुमारे २४५ मि.मी. पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मि.मी. झेललेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण ऑकलंडच्या वर्षभराच्या पावसाचा हा जवळपास पाचवा हिस्सा आहे. शहरात चार माणसे गेली, हजारो घरांचे नुकसान झाले. वॉम्सली आणि अंडरवुडमध्ये मात्र पाणी ठरवून ठेवलेल्या जागेत पसरले, पायवाटा आणि हिरवळ बुडवून बसले आणि मग उतरले. त्यानंतर महापालिकेने 'पाण्याला जागा' या नावाचाच कार्यक्रम हाती घेतला, आणि सरकारच्या मदतीने शहरातली सर्वात धोक्यातली हजाराहून अधिक घरे विकत घेऊन रिकामी करण्याचा निर्णय झाला. लोकांनी आयुष्यभराच्या कष्टाची घरे सोडली. पाण्याला जागा देणे ही फुकटची गोष्ट नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठावर वाळुंज नावाचे झाड असते. हा आपला देशी विलोच, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. निर्गुडी आहे, करंज, जांभूळ, उंबर आहेत. वाळा तर आहेच. वाळ्याची मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या वतीने भारतात काम करताना जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी वाळ्याचा प्रसार केला. ग्रीनफील्ड यांनी तो १९५० च्या दशकात फिजीच्या उसाच्या शेतांत वापरून पाहिला होता. आणि म्हैसूरजवळ गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या बांधावर वाळ्याच्याच ओळी लावत होते! जगाला शिकवायची विद्या आपल्या बांधावर होती. उणीव ज्ञानाची कधीच नव्हती.

उणीव आहे जागेची. मिठी नदीला विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळवले, दोन्ही काठांवर कारखाने आणि वस्त्या आल्या, तिवरे भरावाखाली गेली. २००५ च्या पुरानंतर माधवराव चितळे समितीने सविस्तर अहवाल दिला, उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली. नदी रुंद आणि खोल करण्याचे काम झाले, पण काठाला मुख्यतः काँक्रीटच्या भिंती आल्या. मिठीवर आज झाडांचा काठ करा असे म्हणणे सोपे आहे. पण तिथली जागा मोकळी करायची म्हणजे झोपडीतल्या माणसाने उठायचे, आणि त्याला ऑकलंडसारखा बाजारभावाचा चेक कुणी देत नाही. त्यामुळे मिठीच्या भिंतींना मी तरी सरसकट नावे ठेवणार नाही.

पण पुण्याच्या मुळा-मुठेचे काय? तिथे २०२२ मध्ये नदीकाठ सुधारणेचे काम सुरू झाले, आणि काठावरची झाडे तोडण्यावरून व पात्र अरुंद होण्याच्या भीतीवरून नागरिकांनी आक्षेप घेतले. आणि महाराष्ट्रातल्या त्या असंख्य लहान गावांचे काय, जिथे ओढ्याच्या कडेला अजून वाळुंज उभा आहे आणि ग्रामपंचायत 'विकास' म्हणून संरक्षक भिंतीचा प्रस्ताव पाठवते आहे? तिथे अजून कुणाला उठवावे लागत नाही. तिथे फक्त दोन्ही काठांना थोडी पट्टी सोडायची आहे आणि जे उगवले आहे ते तोडायचे नाही.

ऑकलंडने ओढा बांधून काढला, सत्तर-ऐंशी वर्षे तो तसा वापरला आणि मग पुन्हा पैसे खर्च करून मोकळा केला. श्रीमंत शहराला दोनदा खर्च परवडतो. आपल्याला एकदाचाच जेमतेम परवडतो, तेव्हा तो कशावर करायचा हे भिंत बांधण्याआधी ठरवलेले बरे.