जाळे नव्हे, गाठ कुजवा

समुद्रातल्या प्लास्टिकवर हल्ली एक सोपा उतारा सांगतात: नायलॉन सोडा, आपोआप कुजणाऱ्या धाग्याची जाळी विणा. या म्हणण्याला आधार नाही असे नव्हे. हवाई आणि कॅलिफोर्नियादरम्यान तरंगणाऱ्या कचऱ्याच्या वजनाचा अंदाज 2018 साली शास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा त्यात 46 टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. शिवाय हरवलेले जाळे मासे मारायचे थांबत नाही.

दुखणे खरे, आक्षेप औषधावर आहे. कामावरचे जाळे कोणते आणि हरवलेले कोणते, हे समुद्रातल्या जिवाणूंना कळत नाही. दक्षिण कोरियाने पीबीएस आणि पीबीएटी या पॉलिएस्टरांच्या मिश्रणाची जाळी काढली, खेकड्यांसाठी पाण्यात उतरवली आणि ती महाग पडतात म्हणून सरकारने किमतीतला फरक सोसला. तो धागा समुद्रात विघटित होऊ लागायलाच सुमारे दोन वर्षे लागतात. तोवर हरवलेले जाळे खुशाल मासे मारणार. मुदत कमी करावी, तर ते मच्छीमाराच्या हातातच विरणार. नॉर्वेत कॉडसाठी अशाच जातीची जाळी लावून पाहिली. धागा नायलॉनपेक्षा दुबळा निघाला आणि मासाही कमी लागला. तेवढीच मासळी आणायची तर जास्त जाळी टाका, जास्त डिझेल जाळा. पीएलए या कुजणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे तर नावच नको: ते कंपोस्ट कारखान्याच्या साठेक अंश उष्णतेत मोडते, समुद्रात वर्षानुवर्षे पडून राहते.

‘मग आजोबांच्या सुताच्या, सणाच्या जाळ्यांकडे वळा’ असे सांगणारेही भेटतात. ती जाळी सालीच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवावी लागत, किनाऱ्यावर पसरून वाळवावी लागत. ओली राहिली की कुजली. नायलॉन आल्यावर कोळ्यांनी ते उचलले, ते या राबणुकीतून सुटण्यासाठी.

कुजण्याचा गुण मात्र मोलाचा आहे, जागा बरोबर निवडली तर. अलास्कात खेकड्यांच्या पिंजऱ्याला बाजूने किमान 18 इंचांची फट ठेवून ती शुद्ध सुती दोऱ्याने शिवावी, असा नियम आहे. दोरा ठरावीक जाडीच्या आतला हवा आणि तो टिकावा म्हणून त्यावर कसलीही प्रक्रिया केलेली चालत नाही. चौकट लोखंडी, जाळी नायलॉनची. पिंजरा हरवला की दोरा कुजतो, फट उघडते, खेकडे बाहेर पडतात. कामावरच्या पिंजऱ्याचा दोरा मालक बदलत राहतो. खर्च चार पैशांचा.

दुसरी जागा उत्तर समुद्रातली. तळाशी घासून ट्रॉलचे जाळे फाटू नये म्हणून त्याच्या पोटाखाली प्लास्टिकच्या धाग्यांचे झुबके बांधतात, त्यांना डॉली रोप म्हणतात. झिजणे हेच त्यांचे काम, आणि झिजलेले सगळे पाण्यात. कुजणाऱ्या पदार्थावरचे संशोधन आधी इथे खर्ची पडायला हवे.

हीच युक्ती आपल्याकडेही चालेल. वावरीला, म्हणजे पाण्यात उभ्या पसरणाऱ्या जाळ्याला, तरंगते बोये सुती दोरीने बांधले, तर हरवलेल्या जाळ्याचे बोये कालांतराने सुटतील आणि ते तळाशी गोळा होऊन पडेल. सुटलेले बोये वाहत किनाऱ्याला लागतील आणि नायलॉन तळाशी राहील, हे कबूल. मासा मात्र पूर्वीसारखा अडकणार नाही. प्लास्टिक पाण्याबाहेर काढायचे तर फाटकी जाळी बंदरावर वजनावर विकत घ्यावी लागतील.